ओंजळ ज्याची त्याची

पडलं ते एक स्टीलचं झाकण.

तालुक्याच्या गावातला वैद्यांचा दवाखाना, सोमवार, बाजाराचा दिवस. बाकड्यांवर सात-आठ माणसं, दाराशी टेकवलेल्या पिशव्यांतून डोकावणाऱ्या कोथिंबिरीच्या जुड्या, आत गॅसवर रटरटणारा दशमुळांचा काढा आणि त्याचा ओल्या लाकडासारखा, जरासा कडवट वास. कंपाउंडरच्या हातून पातेल्यावरचं झाकण निसटलं, फरशीवर आदळलं आणि स्वतःभोवती गिरक्या घेत, आवाज बारीक बारीक करत, एकदाचं निजलं. कुणी मान वळवली नाही. भिंतीलगत बसलेल्या एका बाईंनी मात्र दोन्ही तळहात कानांवर गच्च दाबले होते, डोळे मिटून. झाकण थांबलं तरी हात खाली यायला वेळ लागला. मांडीवर सव्वा वर्षाचं पोर झोपलेलं. ते हललंसुद्धा नाही. आई मात्र थरथरत होती.

त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी आधी फाइल पुढे केली. हिमोग्लोबिन 12.1, थायरॉइड ठीक, साखर ठीक, हृदयाचा आलेख नीट. प्रत्येक आकड्याशेजारी छापील कंस, आणि प्रत्येक आकडा त्या कंसाच्या आत शहाण्या मुलासारखा बसलेला. "सगळं नॉर्मल आहे म्हणतात. मग मला होतंय काय?" कुकरची शिट्टी झाली की छातीत धडधडतं, जाऊबाई भांडी घासायला बसल्या की गच्चीवर जाऊन उभं राहावं लागतं, हे त्यांनी चोरी कबूल करावी तसं, आवाज खाली घेऊन सांगितलं. "घरी म्हणतात, नाटकं करते."

वैद्य काही बोलले नाहीत. त्यांनी केसपेपरवर एकच शब्द लिहिला: शब्दासहिष्णुता.

तो शब्द वाग्भट या जुन्या आयुर्वेदाचार्याचा आहे. त्याच्या अष्टांगहृदय या ग्रंथाच्या सूत्रस्थानात, अकराव्या अध्यायात, एकेक धातू कमी झाला की काय दिसतं याची यादी येते. पहिला धातू रस, अन्नातून सर्वांत आधी घडणारा. तो घटला की रौक्ष्य, श्रम, शोष, ग्लानी आणि शब्दासहिष्णुता, म्हणजे आवाज सोसेनासा होणं. चरकानंही रसक्षयात हेच सांगितलंय: मोठा आवाज सहन होत नाही, छातीत धडधडतं, थोड्याशा हालचालीनं धाप लागते. ज्या तक्रारीला फाइलमध्ये रकाना नव्हता आणि घरात जिला नाटक म्हणत होते, तिला एवढी जुनी, एवढी नेमकी जागा आधीपासून होती. हे पाहून बरं वाटतं आणि थोडी भीतीही वाटते. यादी जुनी म्हणून ती आपोआप खरी ठरत नाही. पण ती करणाऱ्यानं माणसाकडे फार जवळून, फार वेळ पाहिलं असणार, एवढं मात्र नक्की.

धातू या शब्दाचे आपण फार हाल केलेत. शाळेत तो तांबं-पितळ असतो, व्याकरणाच्या तासाला गम्, स्था, पा असतो, आणि रेल्वेच्या रुळांलगतच्या भिंतींवर चुन्यानं रंगवलेल्या जाहिरातींत तो फक्त एकच असतो, सातवा. 'धातू जाणे' ही आपल्याकडची पुरुषांची एक सनातन धास्ती आहे. मानसोपचारात तिला धात सिंड्रोम असं नावच मिळालंय. त्या भिंतींनी सहा धातू पुसून टाकले. वास्तविक अर्थ साधा आहे: धारण करतात ते धातू, शरीराला धरून ठेवणारे. व्याकरणातला धातूही शब्दाला तसाच आतून धरून असतो. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र. वाग्भटानं प्रत्येकाचं एकेक मुख्य काम एकाच श्लोकात बसवलंय: प्रीणन, जीवन, लेप, स्नेह, धारण, पूरण आणि गर्भोत्पादन. यात 'लेप' हा शब्द मला फार आवडतो. हाडांच्या सांगाड्यावर मांस लिंपलेलं, कुडाच्या भिंतीवर माती लिंपावी तसं. आणि 'पूरण': हाडाच्या पोकळीत मज्जा भरलेली, पोळीत पुरण भरावं तशी.

पहिलं काम मात्र प्रीणन. तृप्त करणं. रसधातूचं काम शरीर बांधणं नव्हे, बांधकाम तर पुढचे धातू करतात. पोट भरल्यावर जे 'बरं वाटलं' म्हणतो, ते बरं वाटणं शरीराच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचवायचं, हे रसाचं काम. रस कमी झालेला माणूस म्हणूनच आधी वजनानं नाही, बरं वाटण्यानं कमी होतो. वजनकाट्याला ते कळत नाही.

अन्न पचलं की त्याचे दोन भाग होतात: सार आणि किट्ट. किट्टाचं मलमूत्र होतं, साराचा आहाररस. त्यावर पुन्हा रसाचा अग्नी काम करतो. त्यातून स्वतः रसधातू पोसला जातो, पुढच्या रक्ताचं सामान तयार होतं, स्तन्य (अंगावरचं दूध) आणि आर्तव (पाळीचं रक्त) हे दोन उपधातू होतात, आणि मळ म्हणून कफ निघतो. पुढच्या प्रत्येक पायरीवर हाच व्यवहार. रक्ताचा मळ पित्त. मांसाचा मळ कानात, नाकात, डोळ्यांत साठतो तो. मेदाचा मळ घाम. अस्थीचा मळ केस आणि नखं. केस गळायला लागले की आपण तेल बदलतो. शास्त्र म्हणतं, भट्टीतून राख कशी पडतेय ते बघण्याआधी भट्टी बघा.

आता हे सामान एका धातूकडून दुसऱ्याकडे जातं कसं, यावर जुन्या टीकाकारांत चांगलाच वाद आहे, आणि त्या वादातल्या तिन्ही उपमा गोठ्यातल्या, मळ्यातल्या आणि खळ्यातल्या आहेत. पहिली क्षीरदधी: दुधाचं जसं सगळंच्या सगळं दही होतं, तसं रसाचं रक्त होतं. यावर लगेच आक्षेप असा की रस सगळाच बदलून गेला तर चार दिवसांच्या उपासानं माणूस रसावाचून कोरडा पडेल. दुसरी केदारीकुल्या: पाटाचं पाणी पहिल्या वाफ्यात शिरतं, तो भिजला की दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. तिसरी खलेकपोत: खळ्यावरची कबुतरं दाणे टिपून आपापल्या वाटेनं उडतात, जवळचं आधी घरट्यात पोचतं, लांबचं उशिरा. दुधासारखी काही द्रव्यं शुक्रापर्यंत झटक्यात कशी पोचतात, हे या तिसऱ्या उपमेनं सुटतं. पण रोगी तपासताना खरी उपयोगी पडते ती मधली. ज्यानं रात्री बॅटरी घेऊन उसाला दारं धरलंय त्याला तर ती समजावूनही सांगावी लागत नाही. पहिल्याच वाफ्याला उंदरानं भगदाड पाडलं असेल तर पुढचे सगळे वाफे तहानलेले राहतात. आणि चौथ्या वाफ्याचं दारं मोडायलाच विसरलं तर तिथं तळं साचतं, आणि पाचवा, सहावा भेगाळतो.

सुश्रुतानं या प्रवासाचा वेळही दिलाय. प्रत्येक धातूत रस 3015 कला थांबतो. आकडा विचित्र वाटतो, 3000 का नाही? हिशेब असा: डोळ्यांच्या 15 उघडझापांची एक काष्ठा, 30 काष्ठांची एक कला, 20 कला आणि वर एक दशांश कला मिळून एक मुहूर्त, 30 मुहूर्तांची एक दिवसरात्र. म्हणजे दिवसाच्या 603 कला, आणि 3015 म्हणजे बरोबर पाच दिवस. त्या वरच्या 15 कला मुहूर्तातल्या एक दशांशानं आल्या आहेत. रक्तापासून शुक्रापर्यंत सहा मुक्काम, सहा पंचे तीस, एकूण 18090 कला, एक महिना. इतरांचं मत वेगळं होतं. कुणी एका दिवसरात्रीत हे होतं म्हणत, कुणी सहा दिवसांत, आणि वाग्भट तिन्ही मतं एका दमात सांगून मोकळा होतो. हे आकडे आजच्या शरीरशास्त्राशी जुळवायचा खटाटोप करू नये. लाल रक्तपेशी सुमारे 120 दिवस जगते, तिला कलेचा हिशेब ठाऊक नाही. पण दवाखान्यात यातली एक गोष्ट उपयोगी पडते. हाडाचं औषध आठवड्यात लागू पडलं नाही म्हणून बदलून मागणाऱ्याला थांबवता येतं: बाबा, तुझा वाफा पाचवा आहे, पाणी अजून तिसऱ्यात आहे.

आणि मग ओंजळ.

चरकानं शारीरस्थानाच्या सातव्या अध्यायात शरीरातल्या द्रवांचं माप दिलंय. उदक 10 अंजली, रस 9, रक्त 8, पुरीष (मळ) 7, कफ 6, पित्त 5, मूत्र 4, वसा 3, मेद 2, मज्जा 1. मेंदू, शुक्र आणि कफासारखं ओज ही प्रत्येकी अर्धी. दहापासून उतरत जाणारी ही यादी पाठ करायला सोपी म्हणून आयुर्वेदाच्या पहिल्या वर्षाची मुलं ती झोपेतही म्हणतात. पण तिच्या सुरुवातीचा एक शब्द घाईत सुटतो: 'स्वेन', स्वतःच्या. ज्याची त्याची ओंजळ. पैलवानाची ओंजळ पैलवानाच्या शरीराला, सहा वर्षांच्या मुलीची तिच्या शरीराला. मापही त्याच शरीरातून घ्यायचं, ज्याचं मोजमाप करायचं आहे.

मोठ्या माणसाच्या ओंजळीत साधारण दोनशे मिलिलिटर पाणी मावतं. आठ ओंजळी रक्त म्हणजे दीड-पावणेदोन लिटर. प्रत्यक्षात असतं पाचच्या आसपास. तेव्हा 'आपल्या पूर्वजांनी रक्त मोजलं होतं' अशा फॉरवर्डमध्ये ही यादी टाकू नये हे बरं. चरक स्वतःच सांगतो की हे प्रमाण कमी-जास्त होतं, ते तर्कानंच जाणायचं. सुश्रुत तर त्याच्याही पुढे जातो. कलांचा पंधरापर्यंत चोख हिशेब देणारा हा माणूस पंधराव्या अध्यायात हात झटकून म्हणतो: शरीरं एकसारखी नसतात आणि एक शरीरही स्थिर राहत नाही, म्हणून दोष, धातू, मळ यांना परिमाणच नाही, 'परिमाणं न विद्यते'. मग सम आहे की नाही हे ओळखायचं कसं? माणूस स्वस्थ आहे का ते बघून. भूक लागते का, झोप येते का, मळ वेळेवर सुटतात का, मन आणि इंद्रियं प्रसन्न आहेत का.

लोकांना हे पळवाटीसारखं वाटतं. मलाही अधूनमधून वाटतं. पण 'धातुसाम्य' या शब्दातलं सम म्हणजे सारखं नव्हे, हे तरी त्यातून स्वच्छ होतं. दहा ओंजळी पाणी आणि एक ओंजळ मज्जा हेच सम. तराजूची दोन्ही पारडी एका रेषेत आणणारं हे साम्य नव्हे. ते घरातल्या डब्यांसारखं आहे: तांदळाचा डबा मोठा, हिंगाची डबी एवढीशी, आणि दोन्ही भरलेली असली की घर भरलेलं.

बारा म्हणजे नॉर्मल. स्त्रीचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली गेलं की पंडुरोग, वर असलं की नाही. ही रेघ कुठेतरी मारावी लागते आणि ती विचार करून मारलेली आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण जी बाई एरवी साडेतेरावर वावरते ती 12.1 वर आली तर तिचं जवळजवळ दीड ग्रॅम हरवलेलं असतं, आणि फाइल म्हणते काही हरवलं नाही. तिची ओंजळ कुणी विचारली नाही.

वैद्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो बाईंना अगदीच अवांतर वाटला. "आंबट खावंसं वाटतं का हो?" त्या हसल्या. पर्समधून चिंचेच्या गोळ्यांची पुडी काढून दाखवली. "आणि गार?" फ्रिजमधला बर्फ त्या चोरून चघळायच्या, घरी वाटत होतं पुन्हा दिवस गेलेत. रक्त घटलं की सुश्रुत लक्षण सांगतो, 'अम्लशीतप्रार्थना': आंबट आणि गार यांची मागणी. प्रार्थना हा शब्द किती नेमका आहे. शरीर हुकूम करत नाही, विनवतं. मेद घटला की स्निग्ध मांसाची प्रार्थना, असंही तो लिहितो. लोह कमी असलेल्या माणसांना बर्फ चघळावासा वाटतो हे आजचे डॉक्टरही ओळखतात, आणि हिमोग्लोबिन रेघेच्या वर असतानाही साठ्यातलं लोह संपत आलेलं असू शकतं, ते फेरिटिन तपासल्यावर कळतं. वैद्यांनी ती चिठ्ठी लगेच लिहून दिली. रसक्षय लिहिला म्हणून रक्ताची तपासणी टाळणारा वैद्य असेल तर त्याच्याकडून उठून यावं.

भगदाड कुठं होतं ते एव्हाना उघड झालं होतं. मूल सव्वा वर्षाचं, अजून अंगावर पितं, रात्री तीनदा. स्तन्य हा रसाचा उपधातू. पाळी सुरू झाली होती, पण एक दिवसाची, कशीबशी. आर्तवही रसाचाच उपधातू. खर्च दोन्हीकडून चालू, आणि जमा? सकाळी चहा-खारी, दुपारी सगळ्यांचं उरकल्यावर उभ्यानं गार पोळी, त्यावर पुन्हा चहा. जेवणावरचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, हे आता बहुतेकांना माहीत असतं आणि तरी चहा सुटत नाही. रसाची वाट बिघडण्याची कारणं सांगताना चरक जड, गार, अतिस्निग्ध आणि अति प्रमाणात खाणं सांगतो, आणि शेवटी एक कारण असं टाकतो की वाचणारा थबकतो: 'चिन्त्यानां चातिचिन्तनात्'. अतिविचार. रसवाही स्रोतसांचं, म्हणजे रस वाहणाऱ्या वाटांचं, मूळ हृदय आहे, हे त्याच्याच लगत सांगितलंय. इतर धातूंच्या कारणांमध्ये ऊन आहे, आगीजवळचं काम आहे, जेवून दुपारी झोपणं आहे (वामकुक्षीवाल्यांनी इथं कानाडोळा करावा), व्यायाम न करणं आहे, हाडांवरचा मार आहे. विचार मात्र रसाच्याच वाट्याला आले.

माहेरहून डिंकाचे लाडू आले होते, दोन डबे. आईनं स्वतः खारीक कुटून, खोबरं भाजून, तुपात डिंक फुलवून केलेले. बाई रोज एक खात होत्या आणि रोज दुपारी पोट दगड होत होतं; भूक होती तीही मेली. लाडवांचा दोष नाही. बाळंतिणीला डिंक-अळीव देणं हे आपल्या बायकांनी शतकानुशतकं नीट पारखून ठेवलेलं आहे. चूक क्रमात होती. जठरातल्या अग्नीचेच अंश धातूंमध्ये राहतात, असं वाग्भट म्हणतो. ते मंद झाले तर धातू नको तसा वाढतो आणि अति तीक्ष्ण झाले तर जळून घटतो. चूल विझत आली असताना तिच्यावर बाभळीचा ओंडका ठेवला तर तो पेटत नाही, धूरच करतो. अशक्त माणसाला बदाम, च्यवनप्राश, तूप, प्रोटीनची पावडर असा मारा करणाऱ्यांचं नेमकं हेच होतं. आठ दिवसांनी जीभ पांढरी, अंग जड, आणि 'एवढं खाऊनही अंगी लागत नाही' ही तक्रार.

याची उलटी तऱ्हाही तितकीच नेहमीची. चौथ्या वाफ्याचं तळं. अतिस्थूल माणसाचा मेदच वाढतो, बाकीचे धातू तसे पोसले जात नाहीत, असं चरक स्पष्ट सांगतो. मेदानं वाटा अडल्या की वायू कोठ्यातच घुटमळतो, अग्नी फुंकत राहतो, भूक भडकते, माणूस आणखी खातो, ते पुन्हा मेदातच जातं. म्हणून नव्वद किलोच्या माणसाचे गुडघे दुखतात, केस जातात, जिना चढताना दम लागतो, आणि त्याला कुणी 'अशक्त' म्हणत नाही. त्याला उपाशी ठेवून भागत नाही, कारण भडकलेल्या अग्नीला काहीतरी लागतंच. पोटाला जड पण पोषणाला हलकं असं द्यायचं, 'गुरु चातर्पणम्': जव, कुळीथ, मूग, सावा, मधाचं पाणी, ताक. कृशाला नेमकं उलट, पचायला हलकं पण तृप्त करणारं. स्थूल आणि कृश यांत कृश परवडला, असंही चरक म्हणून जातो. कारण दोघांना रोग झाला तर तो स्थूलालाच जास्त पीडतो.

हाडांची गोष्ट त्याहून अवघड. 'समानानं समान वाढतं' हा नियम बहुतेक ठिकाणी चालतो: मांसानं मांस, रक्तानं रक्त, तरुणास्थीनं अस्थी. पायाचं सूप पिणारे नकळत चरकाचंच ऐकतात. पण अस्थीच्या घरात वायू राहतो, आणि या घरमालक-भाडेकरूचं कधी पटत नाही. इतर ठिकाणी धातू आणि त्यात राहणारा दोष एकत्र वाढतात, एकत्र घटतात. इथे वायू वाढला की हाड झिजतं. नुसतं वातशामक, जड, गोड दिलं तर मेदच माजतो. म्हणून औषध मोठं युक्तीचं आहे: कडू द्रव्यांनी सिद्ध केलेलं दूध-तूप, आणि बस्ती, म्हणजे गुदमार्गे दिलेलं औषध. कडू रस वायू वाढवतो, मग तो का? कारण हाड खर, म्हणजे खरखरीत, असतं, कडूही खर; त्या खरपणाशिवाय पोषण हाडापर्यंत हाड म्हणून पोचत नाही, आणि दूध-तूप त्यातला कोरडेपणा झाकून घेतं. नुसता गुळवेलीचा काढा पिऊन हाडं बळकट करायला निघालेल्यांचं दुखणं वाढतं ते हा अर्धा भाग गाळल्यामुळे.

बाईंच्या चिठ्ठीवर औषधं दोनच होती, बाकी स्वयंपाक. पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ साळीच्या लाह्यांची पेया. पेयेला धान्याच्या चौदा पट पाणी. चार पट घातलं तर ती विलेपी होते, आणि गाळून शितं काढली तर मंड. लाह्या आधी पाखडून घ्यायच्या, तूस राहिलं तर घशाला टोचतं. पाण्याला उकळी आली की लाह्या, चिमूटभर सुंठ, सैंधव, दोन-चार मिनिटं, उतरवल्यावर डाळिंबाचे दाणे. पळीतून वाहिली पाहिजे. दाट झाली की लोक वरून दूध ओततात. मीठ घातलेल्या पेयेत दूध नको. मग तीन दिवस मुगाचं कढण, मग मऊ भात, तूप, मेतकूट. खरी भूक, म्हणजे घड्याळ न बघता लागलेली, दोन दिवस सलग लागली की लाडू, तोही अर्धा, सकाळी. दुपारी मंथ: चार-पाच खजूर, मनुका, आमसूल, चिंचेचं बोटूक, डाळिंबदाणे आणि आवळकाठी मिळून एक पल, म्हणजे पन्नासेक ग्रॅम, ठेचून चार पट गार पाण्यात, मातीच्या भांड्यात, रवीनं घुसळून, गाळून. त्यातला अर्धा प्यायचा, उरलेला कुणीतरी घरातल्यानं. दुपारचा मंथ उन्हाळ्यात रात्रीपर्यंत ठेवला तर फसफसतो. मधुमेह असेल त्यानं या वाटेला जाऊ नये. बाईंची साखर ठीक होती.

"आणि हे उभ्यानं प्यायचं नाही," वैद्य म्हणाले. "बसून. कुणी हाक मारली तरी पेला संपल्यावर उठायचं."

याला बाई चटकन हो म्हणाल्या नाहीत. सुंठीला म्हणाल्या, मंथाला म्हणाल्या, लाडू बंद करण्यालाही म्हणाल्या. बसण्यापाशी अडखळल्या. फेरिटिनचा आकडा येईल, लोहाची गोळी लागली तर चालू होईल, कढण शिजेल. पण चार माणसांच्या घरात सकाळी साडेआठला एका बाईनं पेला संपेपर्यंत बसून राहायचं, हे कुठल्या दुकानात मिळतं? चिठ्ठीवर त्याला रकाना नव्हता.

"लाह्या किती घेऊ पण? वाटीनं सांगा."

वैद्यांनी कंपाउंडरला लाह्यांचा डबा आणायला सांगितला. "तुमच्या हातानं घ्या. एक ओंजळ." पंधरा-वीस ग्रॅम भरतात तेवढ्या, चौदा पट पाणी म्हणजे एक मोठा पेला. बाईंनी झोपलेल्या पोराला खांद्यावर सरकवलं, मग एका हातानं ओंजळ होत नाही हे लक्षात येऊन इकडे तिकडे पाहिलं. बाकड्यावरच्या एका अनोळखी आजीबाईंनी न विचारता पोर घेतलं. बाईंनी दोन्ही हात जुळवून डब्यात घातले आणि वर काढले. करंगळ्यांच्या मधल्या फटीतून चार लाह्या सुटून फरशीवर पडल्या. त्यांचा आवाज झाला नाही.

"बांगड्या मागे सारा," आजीबाई म्हणाल्या, "आणि बोटं जवळ घ्या. हं. आता भरा."